गेम डेव्हलपमेंट विभाग, भाईंदर पूर्व

पहिलं पत्र आलं ते शेठनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बेन, मराठी में है. देखो तो, क्या बोलता है."

आंतरदेशीय पत्र होतं, साताऱ्याकडच्या कुठल्याशा गावातून आलेलं. वर आमच्या कंपनीचं नाव आणि त्याच्याही वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं : गेम डेव्हलपमेंट विभाग. मला हसूच आलं. आमच्याकडे असा विभाग नव्हता. आमच्याकडे नवघर रोडवरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावरचा एक गाळा होता. त्यात दोन लांब बाकं, बाकांवर सोल्डरिंग करणाऱ्या आठ बायका, एक टेक्निशियन, काचेच्या केबिनमध्ये शेठ आणि केबिनच्या बाहेर मी. टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम आम्ही जुळवायचो. सुटे भाग बाहेरून यायचे, कॅसेटही बाहेरूनच यायच्या. आम्ही त्यांना प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून वर आमचं लेबल चिकटवायचो.

"शेठ, हा विभाग कुठला?" मी विचारलं.

शेठनी खोक्यातलं कार्ड काढून दाखवलं. त्यावर इंग्रजीत आणि हिंदीत छापलेलं होतं की प्रश्न किंवा सूचना असतील तर आमच्या गेम डेव्हलपमेंट विभागाला जरूर लिहा. "फॉरेन के डिब्बे पे था," ते म्हणाले. "अच्छा लगा, तो छाप दिया. लिखो ना जवाब. कस्टमर खुश होना चाहिए, बस."

हे एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराचं. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. गिरगावातली एका खोलीची जागा सोडून आम्ही नुकतेच मीरा रोडला पूनम सागरमध्ये आलो होतो. दोन खोल्या, स्वतःचा संडास, आणि खिडकीतून दिसणारी मिठागरं. या सगळ्याचं आईला फार कौतुक होतं. मला मात्र त्या इमारतीत गुदमरल्यासारखं व्हायचं. गिरगावात जिन्यातून उतरताना दहा जणांना उत्तरं द्यावी लागायची. इथे शेजारच्या दारावरची पाटीसुद्धा मला वाचता येत नव्हती, ती गुजरातीत होती. बी.कॉम. झाले होते, टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. अक्षर बरं होतं. शेठनी मला ठेवलं ते बिलं करायला. पत्रांचं काम नंतर चिकटलं.

साताऱ्याच्या त्या मुलाने विचारलं होतं की विहिरीच्या गेममध्ये अकराव्या स्टेजनंतर काय आहे.

विहिरीचा गेम आमच्या खोक्याबरोबर फुकट मिळायचा, म्हणून सगळ्यांकडे तोच होता. हातात दिवा घेतलेला एक ठेंगणा माणूस विहिरीत उतरत जातो. पायऱ्या, साप, पडणारे दगड. एकेक स्टेज खाली गेलं की पाण्याचा आवाज वाढत जातो. अकराव्या स्टेजला पोचलं की पडदा फुटल्यासारखा व्हायचा. चौकटी इकडेतिकडे पसरायच्या, पायऱ्या हवेत लटकायच्या, माणूस अर्धा भिंतीत रुतायचा आणि मरायचा. पुन्हा पहिल्यापासून.

मी टेक्निशियनला विचारलं. तो मालवणचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्याने एक कॅसेट उघडून माझ्यासमोर धरली. हिरव्या पट्टीवर मधोमध डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका होता.

"गेम म्हणजे हा," तो म्हणाला. "आत काय आहे ते कुणाला बघता येत नाही, बदलता तर नाहीच नाही. मोठ्या गेमची नक्कल छोट्या चिपमध्ये कोंबताना तिकडे कुणीतरी शेपूट कापलंय. अकरावी स्टेज तुटलेली आहे. तिच्यापुढे काही नाही."

"आणि मूळ गेम कुणी बनवला?"

"काय ठाऊक. नाव असतं पहिल्या पडद्यावर, ते पुसूनच पाठवतात."

मी साताऱ्याच्या मुलाला उत्तर लिहिलं : अकरावी स्टेज अवघड आहे. सराव करत राहा. यश मिळेल.

खरं तर शेठनी खोटं लिहायला सांगितलं नव्हतं, खूश ठेवायला सांगितलं होतं. तुटलेला माल विकतो असं कंपनीच्या कागदावर लिहायचं धाडस नव्हतं. आणि दुसरंही एक होतं. सहीखाली "गेम डेव्हलपमेंट विभाग" असं लिहिताना मला बरं वाटलं होतं.

पत्रं वाढत गेली. सांगली, जळगाव, रत्नागिरी, पुढे इंदूर आणि सुरत. आठवड्याला दहा-बारा, मग तीस-चाळीस. मुलं पाढे म्हणावेत तशा कोणत्या स्टेजला कुठला साप कधी निघतो ते लिहायची. एका शाळेतल्या सहा मुलींनी मिळून वहीभर नकाशा काढला होता. कुणी लिहायचं की दिव्याचं तेल वाचवलं तर अकरावी पार होते, कुणी शपथेवर सांगायचं की मामेभावाने पार केली आहे आणि खाली सोन्याचा राजवाडा आहे. सगळ्यांना एकच हवं होतं. ज्यांनी हा खेळ रचला त्यांच्याशी बोलायचं होतं. आणि मी प्रत्येकाला लिहीत होते : सराव करत राहा.

वर्षभराने महाडजवळच्या एका गावातून जाड पाकीट आलं. अक्षर मोठ्या माणसाचं, वळणदार. त्याचा मजकूर मला बराचसा आठवतो, कारण मी तो खूप वेळा वाचला.

त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की ते मुंबईत एका कापड गिरणीत डिझाइन खात्यात सव्वीस वर्षं होते. गिरणी बंद पडल्यावर गावी आले. मेव्हण्याने त्यांच्या मुलीला आमचा गेम आणून दिला. पहिल्याच दिवशी पडदा पाहून ते चकित झाले. हे तर पॉइंट पेपरचं काम! गिरणीत साडीचा काठ विणण्याआधी त्याची नक्षी बारीक चौकटींच्या कागदावर काढतात. एक चौकट म्हणजे एक धागा, भरायची की रिकामी ठेवायची एवढंच हातात. तुमच्या खेळातला माणूस, साप, पायरी, सगळं तसंच चौकटी भरून काढलेलं आहे. सोळा चौकटींत माणूस चालतोय असं दाखवणं सोपं नाही, हे मला कळतं. ज्यांनी काढलं त्यांना माझा नमस्कार सांगावा.

आणि पुढे : "जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या कार्डांची माळ असते. माळेतली काही कार्डं गळाली की तिथून नक्षी विस्कटते. त्यात विणकराचा दोष नसतो. तुमच्या अकराव्या स्टेजला तेच झालं आहे. खेळणारा कितीही हुशार असला तरी तो पुढे जाणार नाही. गळालेली कार्डं मी माझ्या समजुतीने नव्याने काढली आहेत. सोबत चार कागद जोडत आहे. तुमच्या कारागिरांनी पाहून चूक असल्यास कळवावं. मोबदल्याची अपेक्षा नाही."

चार कागद होते. निळ्या बारीक चौकटी आणि त्यात पेन्सिलीने, एकही खाडाखोड न करता भरलेली अकरावी स्टेज. पायऱ्या बरोबर जागेवर. तळाशी पाणी दिसू लागलेलं. पाण्यात दिव्याचं प्रतिबिंबही त्यांनी चौकटी सोडून-सोडून काढलं होतं.

मी ते जेवणाच्या सुट्टीत बाकावर पसरले. नवघर गावातली एक बाई आमच्याकडे सोल्डरिंगला होती, पन्नाशीची, मला "बाय" म्हणायची. तिने हात पुसून कागद पाहिले.

"कोनी काढलाय?"

मी पत्र वाचून दाखवलं. तिने कागद पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाली, "यो मानूस शाना हाय बाय. याला कललाय सगला. तू त्याला खरा काय हाय ता सांग."

"काय सांगू? इथे कारागीर न्हाय म्हणून?" मी तिच्याच बोलीत हसून म्हटलं.

"ताच सांग," ती म्हणाली. हसली नाही.

टेक्निशियननेही कागद पाहिले. "काम भारी आहे," तो म्हणाला. "पण त्या काळ्या ठिपक्यात हे शिरणार कसं?"

मी कच्चं उत्तर लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी जे पाठवलं ते असं होतं : "आपले कागद आमच्या कारागिरांना दाखवले. त्यांना फार आवडले. पुढच्या स्टेज पाहण्यास ते उत्सुक आहेत."

उत्सुक हा शब्द मला पत्र संपवायला छान वाटला, एवढंच.

त्यानंतर महाडहून महिन्याला एक पाकीट येऊ लागलं. बारावी स्टेज, तेरावी, चौदावी. सोबत एक पानभर पत्र. त्यात ते आमच्या कारागिरांना प्रश्न विचारायचे. साप वळतो तेव्हा शेपटीची एक चौकट तुम्ही मुद्दाम रिकामी सोडली आहे का? माणसाचा पाय उचलताना तुम्ही गुडघा दाखवत नाही, तरी तो वाकल्यासारखा वाटतो, हे कसं सुचलं? एकदा लिहिलं, "गिरणीत आमच्या टेबलावर सहा जण होतो. आता या विषयावर बोलायला इथे कुणी नाही. मुलीला सांगतो, पण तिला तिचा अभ्यास असतो. तुमच्या कारागिरांपैकी एखाद्याने दोन ओळी लिहिल्या तर बरं वाटेल."

मी त्या दोन ओळीसुद्धा लिहिल्या. वेगळ्या पेनाने, अक्षर थोडं उजवीकडे कलतं काढून. "आपली सूचना योग्य आहे. शेपटीची चौकट मुद्दामच सोडली आहे." मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांच्याच प्रश्नातलं वाक्य उलटून मी त्यांना परत पाठवत होते.

एकदाच त्यांनी असं काही विचारलं की ज्याचं खरं उत्तर मला देता आलं. त्यांच्याकडचा टीव्ही कृष्णधवल होता. त्यांनी विचारलं होतं, दिव्याचा रंग कोणता? मी टेक्निशियनच्या टेबलावरच्या रंगीत टीव्हीवर जाऊन पाहिलं आणि लिहिलं : पिवळा, कडेला थोडा नारिंगी. पुढच्या पाकिटातला दिवा त्यांनी रंगीत पेन्सिलीने भरला होता.

असं वर्षभर चाललं. मग एका मे महिन्यात दुपारी ते स्वतः आले.

मी बिलं करत होते. दारात एक उंच, वाळलेले गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा, पण प्रवासाने पाठीवर भिजलेला. हातात कापडात गुंडाळलेली लांब गुंडाळी. त्यांनी आधी बाकांकडे पाहिलं, मग बायकांकडे, मग भिंतीला लावलेल्या खोक्यांच्या थप्पीकडे. ते काय शोधत होते हे मला लगेच कळलं. टेबलं शोधत होते, वाकून कागदावर काम करणारी माणसं शोधत होते.

"गेम डेव्हलपमेंट विभाग कुठे?" त्यांनी मला विचारलं. "मी महाडहून आलोय. पंचविसाव्या स्टेजपर्यंत पुरं झालं. पोस्टाने चुरगळलं असतं म्हणून स्वतः आणलं."

मी पेन खाली ठेवून उठले. तेवढ्यात शेठ केबिनमधून बाहेर आले. शेठ माणूस वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, चहा सांगितला. मग गुंडाळीकडे बघून विचारलं, "ये क्या है? चित्र है?"

"नक्षी आहे. तुमच्या कारागिरांना दाखवायची आहे."

"कारीगर?" शेठ गोंधळले. "काका, इधर कोई बनाता नहीं. माल बाहर से आता है. हम डिब्बे में डालते हैं, बेचते हैं."

"मग ही पत्रं?" त्यांनी शर्टाच्या खिशातून दोऱ्याने बांधलेला गठ्ठा काढला. माझीच पत्रं होती, तारखांप्रमाणे लावलेली.

शेठ मोकळेपणी हसले. "वो तो ये बेन लिखती है."

बाकांवरच्या बायका थांबल्या. ते खुर्चीतच माझ्याकडे वळले. रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे कारागिरांनी पाहिले नाहीत?"

"नाही."

"एकानेही नाही?"

"इथे कुणी नाहीच आहे. ते कुठे आहेत हे आम्हालाही माहीत नाही."

"आणि शेपटीच्या चौकटीचं उत्तर?"

"मीच लिहिलं."

"तुम्हाला कळतं त्यातलं?"

"नाही," मी म्हटलं. "पण मी सगळे कागद पाहिले. प्रत्येक कागद पाहिला."

त्यांनी मान हलवली, जणू मी काही गैरलागू बोलले होते. खरं तर तसंच होतं. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "मी पाठवलेले कागद द्या परत. त्यांच्या प्रती माझ्याकडे नाहीत."

मी कपाटाकडे गेले. पत्रं आम्ही एका गोणीत टाकायचो. त्यांचे कागद मी वेगळे ठेवायला हवे होते. सुरुवातीला ठेवलेही, कपाटाच्या वरच्या फळीवर. पण दिवाळीच्या आधी मालाची गर्दी झाली तेव्हा कपाट हलवलं होतं. मी फळी पाहिली, गोणी उलटी केली, जमिनीवर बसून पत्रं उपसली. पन्नासएक कागदांपैकी नऊ सापडले. नवघरच्या त्या बाईने आपल्या बाकावरून एक कागद काढून आणला. कुणीतरी तो सोल्डरिंगच्या खाली अंथरला होता. अकराव्या स्टेजचाच एक तुकडा. त्यावर ठिकठिकाणी जळून तपकिरी भोकं पडली होती.

त्यांनी तो उजेडाकडे धरला. भोकांमधून खिडकीतला प्रकाश आला. मग तो इतर नऊ कागदांबरोबर नीट चौकोनी घडी करून पिशवीत ठेवला.

शेठ ओशाळले होते. त्यांनी एक नवा गेम खोक्यासकट पुढे केला. "बच्ची के लिए ले जाओ काका."

"नको," ते म्हणाले.

मी इस्टेटच्या फाटकापर्यंत त्यांच्या मागोमाग गेले. "माफ करा" हे मी किती वेळा म्हटलं ते आठवत नाही. ते फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "पहिल्या पत्रातच लिहिलं असतं की इथे कुणी नाही, तर मी चार कागदांवर थांबलो असतो. डोळे गेले हो माझे या कामात." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, माहिती दिल्यासारखं म्हटलं. मग स्टेशनला रिक्षा कुठून मिळेल ते विचारलं. मी हात दाखवला. गुंडाळी खांद्याशी धरून ते उन्हातून गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी उत्तरं बदलली. जो विचारेल त्याला लिहू लागले : "अकरावी स्टेज तुटलेली आहे. तिच्यापुढे खेळ नाही. खेळ आम्ही बनवलेला नाही, कुणी बनवला ते आम्हाला माहीत नाही. वेळ घालवू नका." साताऱ्याच्या त्या पहिल्या मुलालाही लिहिलं. मला वाटलं होतं, निदान एवढं तरी करता येईल.

कुणाचाही विश्वास बसला नाही. उलट पत्रं दुप्पट झाली. तुम्ही लपवताय. राजवाडा आहे हे आम्हाला माहीत आहे. नियम सांगायचा नसेल तर नका सांगू, पण खोटं लिहू नका. त्या सहा मुलींनी लिहिलं की आधी तुम्ही सराव करा म्हणालात, आम्ही वर्षभर केला, आता म्हणता पुढे काही नाही, मग आधीचं कोण लिहीत होतं? साताऱ्याच्या मुलाने एका ओळीचं पोस्टकार्ड टाकलं : मी अजून प्रयत्न करतो आहे.

महिन्याभरात सुरतच्या व्यापाऱ्याने शेठना फोन करून विचारलं की तुमचीच कंपनी तुमचा माल खराब आहे असं लिहिते काय. शेठ माझ्यावर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "बेन, अब रहने दो. जवाब मत लिखो किसी को." खोक्यातलं कार्ड काढून टाकलं. तरी जुन्या खोक्यांमुळे पत्रं येत राहिली. पोस्टमन ती माझ्या टेबलावर ठेवायचा आणि मी न उघडता गोणीत टाकायचे.

महाडला मी तीन पत्रं लिहिली. पहिलं लांबलचक, दुसरं लहान. तिसऱ्यात फक्त एवढंच की उरलेले कागद शोधते आहे. ते खरं होतं. रोज जेवणाच्या सुट्टीत मी खोक्यांच्या थप्प्या हलवून बघत होते. एकही सापडला नाही. तिसऱ्यानंतर एक पोस्टकार्ड आलं, मुलीच्या अक्षरात. "आपली तिन्ही पत्रं मिळाली. बाबा ती उघडत नाहीत. त्यांनी सगळे कागद बंबात घातले. कृपया यापुढे पत्र पाठवू नये."

मी ते कार्ड नवघरच्या बाईला वाचून दाखवलं. तिने सोल्डरिंगची इस्त्री बाजूला ठेवली. मी सांगितलं होतं ना, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढे परदेशी माल स्वस्तात यायला लागला आणि आमचा डबा कुणी घेईना. शेठनी त्याच गाळ्यात स्टीलच्या चमच्यांचं पॅकिंग सुरू केलं. गोण्या भंगारवाला घेऊन गेला. त्यात न उघडलेली शेकडो पत्रं होती. कुठेतरी परदेशात खरोखरच काही माणसांनी बसून तो खेळ चौकटी भरून रचला होता, आणि ती पत्रं त्यांची होती. ती माणसं कोण हे मला कधीच कळलं नाही. त्यांनाही कळलं नसेल की इतकी मुलं आणि एक म्हातारा माणूस त्यांच्याशी बोलत होते.

मला अंधेरीला एका एक्स्पोर्टच्या ऑफिसात नोकरी मिळाली. तिथे मी फक्त आकडे टाइप करायचे. बाहेरून माझ्या नावाने किंवा विभागाच्या नावाने काही येत नसे, आणि कुणाला उत्तर द्यावं लागत नसे. पहिले काही महिने मला त्याने फार बरं वाटलं. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या बरं वाटण्याचीच.